मालनबायचा धवळा

मालनबाय पिक्चर बघायला येणार नाही, हे सगळ्या नंदाखालला माहीत झालं होतं, कारण तिनं स्वतःच ते घरोघर जाऊन सांगितलं होतं. आता ज्याला यायचं नाही त्यानं गुपचूप घरी बसावं की नाही? पण मालनबायचं सगळंच उरफाटं. रागावून गप्प बसणं तिला जन्मात जमलं नाही. चार घरांत सांगितल्याशिवाय तो राग तिला पचतच नसे.

आणि पिक्चर काही परक्याचा नव्हता. तिच्यावरच होता! तिच्या भावाची मुलगी सलोनी मुंबईत कॅमेऱ्याचं शिक्षण घेऊन आली आणि तिनं आपल्या आत्यावर माहितीपट काढला. त्यात नट नाही, नटी नाही, मारामारी नाही. दीड तास नुसती मालनबाय, तिची केळीची वाडी आणि तिची गाणी. असला पिक्चर बघणार कोण, असं गावातल्या शहाण्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तर तो गेला कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या महोत्सवात. तिथं लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग केरळात गेला, मग कोलकात्याला. शेजारची फ्लॉसी मोबाइल नाचवत कुंपणापाशी आली, "मालन, बघ गो, तुझं तोंड केवढं छापलंय!" मालनबाय म्हणाली, "छापू दे, मला काय त्याचं," आणि थोड्या वेळानं चष्मा घालून स्वतःच कुंपणाशी गेली, "दाखव बघू परत."

आता तोच पिक्चर विरारच्या थेटरात लागणार होता. आठवडाभर, रोज सकाळचा एक खेळ.

खरं सांगायचं तर पोरीनं जीव ओतून काम केलं होतं. सुरुवातीला कितीतरी दिवस तिनं कॅमेरा पिशवीतून बाहेरच काढला नाही. आत्याबरोबर केळीला पाणी सोडलं, पिकली केळी सोलून सुकेळी वाळत घातली, कावळे हाकलले, मागच्या पडवीत बसून वाल सोलले. मालनबाय सगळ्यांना सांगायची, "ही पिक्चर काढायला आलीय का सासुरवास भोगायला?" मग एक दिवस कॅमेरा बाहेर आला, तोही असा की कधी आला ते कुणाला कळलं नाही. सोबत कुशल नावाचा एक आवाजवाला. त्याचं काम एकच, ऐकायचं. कानावर हेडफोन चढवून तो घरभर फिरायचा आणि मान तिरकी करून म्हणायचा, "मावशी, जरा फ्रिज बंद करू?"

"आणि आतली मासळी नासली तर तुझा बाप आणून देणार?" असं म्हणत मालनबायच उठून बटण बंद करायची.

तिच्या ब्लाऊजला आतून एक इवलासा माइक लावलेला असायचा. पहिल्यांदा तिनं त्याचा इतका धसका घेतला की दिवसभर ती नवऱ्याशी, हिरामणशी, अगदी गोडीगुलाबीनं बोलली. हिरामण म्हणाला, "सलू, हा माइक इथंच ठेवून जा."

पण मालनबायवर पिक्चर का काढावा? तर ती धवलारीण. लग्नात धवळे गाणारी. भटजी मंत्र म्हणतात ते देवांसाठी. धवलारीण गाते ती नवरीसाठी. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं, आणि सगळं तोंडपाठ. पूर्वी आगाशीपासून भुईगावापर्यंत अशा बऱ्याच बाया होत्या. एकेक करून गेल्या. राहिली मालनबाय. आता लग्नं हॉलमध्ये लागतात, डीजे लागतो, तरी जुन्या घरातल्या सासवा अजून निरोप धाडतात, मालनबायला बोलवा.

आणि तिचे नियम म्हणजे नियम. पाठवणीचा धवळा एकदा उचलला की तो उंबऱ्यापर्यंत न्यायचाच. कारण त्या गाण्यात नवरीला बापाच्या ओट्यावरून उतरवायचं, बावीच्या म्हणजे विहिरीच्या कडेनं, केळीच्या पाटाकाठानं, गावाबाहेर काढायचं आणि नवऱ्याच्या उंबऱ्यात नेऊन उभं करायचं. मध्येच सोडलं तर पोरगी वाटेत राहते, तिचं घर काही बसत नाही. हे कुठल्या पोथीत नाही. मालनबायला तिच्या सासूनं सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं. दुसरा नियम, गाताना नवरीच्या तोंडाकडे बघायचं नाही. पायांकडे बघायचं. तोंडाकडे बघितलं की गळा दगा देतो.

हे नियम तिनं कसे पाळले ते ऐका. भुईगावला ऐन पाठवणीत वीज गेली, मांडवाची एक बाजू खाली आली, माणसं पळाली. ही बसल्या जागी गातेय. आगाशीला नवरदेवच चक्कर येऊन पडला. हिनं एका हातानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, पण धवळा थांबवला नाही. तो शुद्धीवर आला तेव्हा ही शेवटच्या कडव्यात होती. अशी बाई!

आणि या बाईनं स्वतःच्या मुलीचा धवळा अर्ध्यात सोडला होता.

हेमांगी ही तिची एकुलती एक. लहानपणी प्रत्येक मांडवात आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. मोठी झाल्यावर विरारला पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि म्हणायला लागली, "आई, किती ताणतेस गं, आटप ना." तिचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मालनबायला सांगून बघितलं, आईनं गाऊ नये, दुसरी कुणी बघू. ती उसळली. "दुसरी आहे कुठं? आणि असली तरी माझ्या पोरीला परकी बाई पोचवणार?" झालं. हट्टाला पेटलेल्या मालनबायपुढे कोण बोलणार?

गायली. ओट्यावरून उतरवलं पोरीला. बावीपाशी आली आणि कशी कोण जाणे, तिची नजर वर गेली. हेमांगी तिच्याकडेच बघत होती. मालनबायचा आवाज गेला. वीज गेल्यावर पंपाचं पाणी जातं तसा, मध्येच, एकदम. तिनं तोंड उघडलं, पण सूर येईना. नेमकं तेवढ्यात डीजेवाल्यांना वाटलं संपलं, आणि त्यांनी दणका सुरू केला. हेमांगी धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, बायका रडायला लागल्या, गाडी सुटली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट सगळ्या म्हणाल्या, "काय गायलीस मालन!" तिनं मान हलवली.

माणसांना कळलं नाही. पण ते दिवस सलोनीच्या शूटिंगचेच, आणि ब्लाऊजच्या आतला तो माइक चालू होता.

आणि पुढं काय व्हावं? हेमांगीचं घर बसेना. जावई प्रीतम गुणाचा, नोकरी बरी, पण घर काही टिकत नव्हतं. नालासोपाऱ्याला भाड्यानं राहिली, तिथं पाण्याचे हाल. विरारला आली, मालकानं घर विकायला काढलं. तिसऱ्या ठिकाणी वरच्या मजल्याचं छत गळायला लागलं. दर खेपेला मालनबाय डबे-भांडी भरायला जायची आणि वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळता गुंडाळता मनात म्हणायची, पोर वाटेतच राहिलीय. मीच तिला बावीवर सोडलंय. हे तिनं हिरामणलाही कधी सांगितलं नाही.

म्हणून तिला पिक्चर बघायचा नव्हता. समजलं आता?

सलोनी बिचारी लॅपटॉप घेऊन आली होती. "आत्या, कुठंही दाखवायच्या आधी तू बघ. त्यात हेमाच्या पाठवणीचा भाग आहे. तुला नको असेल तर काढीन."

आता सरळ 'काढ' म्हणावं की नाही? पण 'काढ' म्हणायचं म्हणजे तिथं काढण्यासारखं काही आहे हे कबूल करायचं. मालनबाय फणकारली, "तुला हवं ते ठेव नि हवं ते फेक. माझं तोंड मी आरशात रोज बघते."

"आत्या, बघ गं एकदा. चांगलं आहे."

"नाही बघायचं."

सलोनी पुन्हा आली, पुन्हा तेच. शेवटी तिनं हेमांगीला विचारलं, हेमांगीनं हो म्हटलं, आणि पिक्चर गेला बर्फाच्या देशात. तिथल्या गोऱ्यांना धवळा अर्धा की पुरा काय कळणार? पण विरार म्हणजे गावच. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, सगळी जाणती माणसं यायची होती. शिवाय यमुनाबाईंचा फोन आला. यमुनाबाई म्हणजे प्रीतमची आई. मूळच्या रत्नागिरीकडच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून सगळ्यांच्या चुका काढायची सवय गेलेली नाही.

"विहीणबाई, आम्ही सगळे येतोय हं तुमचा चित्रपट बघायला. तुम्ही माझ्याशेजारीच बसा. मला त्या गाण्यांतलं काही कळलं नाही तर समजावून सांगा."

मालनबाय फोन ठेवून ओट्यावर हिशेब करत बसली. न जावं तर यमुनाबाई बघणार आणि आपण तिथं नसणार. तिथल्या तिथं उत्तर द्यायला तरी कुणी पाहिजे. मग ती उठली, कपाटातलं मोरपंखी पातळ काढलं आणि हिरामणला म्हणाली, "चला, रिक्षा सांगा."

"तू तर येणार नव्हतीस!"

"कोण म्हणालं?"

थेटर भरलं होतं. बाहेर तिकिटाला रांग होती, त्यात नंदाखालचे सगळे शहाणे सर्वांत पुढे! फ्लॉसी तर ठेवणीतला ड्रेस घालून आली होती. मालनबाय यमुनाबाई आणि हेमांगी यांच्यामध्ये बसली. पदर घट्ट ओढून घेतला. एकदाचा अंधार झाला.

आणि पडद्यावर तिची बाव आली. नुसती बाव. आत पडलेलं सकाळचं ऊन, एक बेडूक, आणि पाण्याचा असा आवाज की मालनबायला वाटलं आपण कठड्यावरच उभ्या आहोत. इतकी वर्षं ती त्या बावीवर जात होती, तिला कधी ती अशी दिसली नव्हती. मग तिचे हात दिसले, सुकेळी उलटी करणारे. थेटरभर मोठे हात! "अगो बाय," ती पुटपुटली. तिला हसू आलं आणि लगेच डोळे भरले. त्या पोरीनं काय काय बघून ठेवलं होतं! हिरामण झोपेत हसतो ते. फ्लॉसी कुंपणावरून वाटी पुढं करते आणि रिकामी वाटी परत जात नाही ते. डीजेच्या गाडीखाली दबलेलं गवत, आणि बाजूला नवरीच्या हळदीच्या पाण्यानं ओली झालेली माती. कुठं कुणी येऊन काही समजावून सांगत नव्हतं, वाद्यं वाजत नव्हती. नुसतं बघायला दिलं होतं. थेटरात माणसं खोकायचीसुद्धा थांबली होती.

"अप्रतिम आहे हो," यमुनाबाई कुजबुजल्या. आजवर त्यांच्या तोंडून हा शब्द मालनबायनं ऐकला नव्हता.

आणि मग मांडव आला. हेमांगीचा.

मालनबायनं खुर्चीचा हात पकडला. पडद्यावरची मालनबाय गायला लागली.

*हळूच पाऊल टाक गो बाय, बापाच्या ओट्यावरून...*

काय तो आवाज! लहान माइकमधला, पण सगळ्या भिंतींतून येत होता. तिला स्वतःलाच नवल वाटलं. आपण असं गातो? मग बाव आली.

*हळूच पाऊल टाक गो बाय, बावीच्या कडेकडेनं...*

आणि आवाज तुटला. लपवलेला नाही, झाकलेला नाही. पडद्यावर तिचं उघडं तोंड, हलणारे ओठ, आणि शांतता. थेटरातली प्रत्येक जाणती बाई ताठ झाली. मागून कुणीतरी श्वास ओढला. यमुनाबाईंनी मान वळवली.

"विहीणबाई... तुम्ही थांबला होतात?"

आता उत्तर द्यायला ती आली होती ना? "थांबले होते," ती म्हणाली.

पडद्यावर डीजे सुरू झाला, कानठळ्या बसवणारा. हेमांगी धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. मालनबायनं डोळे मिटून घेतले. संपलं. आता सगळ्या विरारला कळलं.

पण डीजेचा आवाज खाली जायला लागला. खरं तर तो डीजेवाल्यांनी नव्हे, कुशलनं खाली नेला होता; कित्येक आठवडे कानाला हेडफोन लावून, तो दणका थोडा थोडा खरवडून काढून. दणका पार लांब गेला, गावाबाहेर वाजतोय इतका. आणि त्याच्या खालून, अगदी जवळून, मालनबायच्या छातीवर तोंड ठेवून कुणीतरी गात होतं. बारीक, रडका, घाईघाईचा आवाज.

*हळूच पाऊल टाक गो बाय, केळीच्या पाटाकाठानं...*

मालनबायनं डोळे उघडले. पडद्यावर फक्त हेमांगीची पाठ होती, हिरव्या शालूतली, तोंड आईच्या छातीत खुपसलेलं. मिठी मारून रडणारी पोर, असंच सगळ्यांना तेव्हा वाटलं होतं. आईलासुद्धा. डीजेपुढं कुणाला काय ऐकू येणार? पण माइकला ती डीजेहून जवळ होती. पोर रडत होती आणि गात होती. पाटाकाठानं गेली, वेशीपाशी गेली, सड्याच्या अंगणात शिरली. स्वतःचा धवळा स्वतः म्हणत, एकेक कडवं, नवऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यावर आली, थांबली, आणि मगच मिठी सोडली.

गाडी सुटली. पडदा काळा झाला.

"मग पूर्ण कुणी केलं?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तुमच्या सुनेनं," मालनबाय म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना.

दिवे लागले. टाळ्या थांबतच नव्हत्या. फ्लॉसी उभी राहून रुमालात नाक शिंकरत होती, शहाणे खाली बघत होते. सलोनी पुढं उभी होती, हात जोडून, घाबरून आत्याकडे बघत. "आत्या, रागावू नकोस. हेमा म्हणाली होती, आईला आधी सांगायचं नाही, तिला ऐकू दे." आणि तिनं माइक पुढं केला.

मालनबाय उभी राहिली. तिच्या तोंडावर पाणीच पाणी. पण माइक हातात आला आणि ती पुन्हा मालनबाय झाली.

"ऐका," ती म्हणाली. "मी हेमांगीचा धवळा बावीवर सोडला होता. तोंडाकडे बघितलं मी तिच्या. चार वर्षं कुणाला बोलले नाही. आज बोलते. आणि माझ्या भाचीसारखी पोरगी सगळ्या गावाला मिळू दे. जे माझ्या छातीवर झालं ते मला ऐकू आलं नाही, ते हिनं आणि त्या पोरानं शोधून काढलं. अशी माणसं मी बघितली नाहीत." कुशल मागच्या रांगेत कुठं तोंड लपवावं ते शोधत होता.

मग ती हेमांगीकडे वळली. सगळं थेटर वळलं.

"तुला येतं कुठनं गो सगळं?"

"तुझ्या मांडीवर झोपायचे ना मी," हेमांगी म्हणाली. "झोपायचे कुठं? नुसती पडून ऐकायचे."

मालनबायनं तिचा गाल कुरवाळला. आणि मग तिला राहवेना. इतक्या माणसांदेखत, माइकवर, तिनं पोरीची चूक काढलीच.

"पण घाई केलीस बाय. वेशीचं कडवं किती पळवलंस! धवळा असा म्हणतात? तो हळू म्हणायचा असतो."

हेमांगीनं डोळे पुसले. "हळू म्हटला असता तर मी गेलेच नसते, आई."